रेनॉने फॉर्म्युला वनचं इंजिन का थांबवलं? फ्रेंच गाड्या आणि शर्यतींची एकशेतीस वर्षं

सप्टेंबर 2024 च्या अखेरीस रेनॉ या फ्रेंच कंपनीने जाहीर केलं, की फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींच्या जागतिक स्पर्धेसाठी इंजिन बनवण्याचं काम 2025 च्या हंगामाबरोबर थांबेल. पॅरिसच्या दक्षिणेला व्हिरी-शातियों नावाचं गाव आहे, तिथे हा कारखाना. इथल्या इंजिनांच्या जोरावर संघांनी 12 वेळा आणि ड्रायव्हरांनी 11 वेळा जगज्जेतेपद मिळवलं (संघाचं आणि ड्रायव्हरचं विजेतेपद वेगवेगळं असतं). 2026 पासून मात्र रेनॉच्याच अखत्यारीतला अल्पीन हा संघ मर्सिडीजचं इंजिन विकत घेऊन धावणार, असं ठरलं. निर्णयाची कुणकुण लागली तेव्हा व्हिरीचे कामगार आणि इंजिनिअर इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीला प्रेक्षकांत येऊन निषेध नोंदवून गेले.

बातमी वाचणाऱ्याला साहजिकच कोडं पडतं. जी कंपनी लाखो गाड्यांची इंजिनं स्वतः बनवत आली, ती आपल्या शर्यतीच्या गाडीत प्रतिस्पर्ध्याचं इंजिन का घालेल? उत्तर 2024 मध्ये सापडत नाही, त्यासाठी बरंच मागे जावं लागतं. फ्रेंच कंपन्यांनी नवी वाट काढायची, आणि हिशेब जुळेनासा झाला की शर्यत सोडायची, हे याआधी अनेकदा झालेलं आहे.

मोटारींची शर्यत मुळात सुरू केली कुणी?

गाडी जर्मनीत जन्मली. कार्ल बेंझचं पेटंट 1886 चं. पण तिला शर्यतीत उतरवलं फ्रान्सने. ब्रिटनमध्ये 1896 पर्यंत यांत्रिक वाहनाला रस्त्यावर ताशी चार मैलांच्या वर जायला कायद्याने बंदी होती. फ्रान्समध्ये असा अडसर नव्हता, शिवाय लांबच लांब, सरळ आणि चांगले बांधलेले रस्ते होते. पानार ए लव्हासोर या कंपनीने डाइमलरच्या इंजिनाचे हक्क घेतले आणि प्यूजोनेही सुरुवातीला तीच इंजिनं वापरली. सायकलच्या शर्यतींमुळे वर्तमानपत्रांचा खप वाढतो, हेही फ्रेंच संपादकांना कळलेलं होतं.

त्यातूनच 22 जुलै 1894 रोजी ‘ल पती जूर्नाल’ या दैनिकाने पॅरिस ते रूआं अशी स्पर्धा भरवली. (आज अल्पीनकडून धावणारा पिएर गॅस्ली याच रूआंचा.) सर्वांत आधी पोहोचली काउंट द दिओं यांची वाफेवर चालणारी गाडी. पण पहिलं बक्षीस तिला मिळालं नाही. तिच्यावर कोळसा घालायला वेगळा माणूस लागायचा, आणि स्पर्धेची अट होती की गाडी सुरक्षित, हाताळायला सोपी आणि चालवायला स्वस्त हवी. बक्षीस प्यूजो आणि पानार ए लव्हासोर यांच्यात वाटलं गेलं. म्हणजे पहिल्याच स्पर्धेत परीक्षकांनी वेगाच्या आधी गिऱ्हाइकाची सोय पाहिली. पुढचा सगळा इतिहास समजून घ्यायला ही गोष्ट फार उपयोगी पडते.

पुढच्या वर्षी पॅरिस-बोर्दो-पॅरिस अशी 1,178 किलोमीटरची शर्यत झाली. एमिल लव्हासोर यांनी जवळपास 49 तास स्वतःच गाडी हाकली. त्यांच्या जागी बसणारा चालक ठरलेल्या गावात झोपलेला सापडला, म्हणून त्याला न घेताच ते पुढे निघाले. पण त्यांची गाडी दोनच आसनांची होती, त्यामुळे मुख्य बक्षीस पुन्हा चार आसनी प्यूजोला गेलं. याच शर्यतीत मिशलिन बंधू हवा भरलेले टायर लावून उतरले. टायर वारंवार पंक्चर झाले, ठरलेल्या वेळेत गाडी पोहोचली नाही. तरीही पुढे सगळ्या जगाने स्वीकारले ते हेच टायर.

मग ‘ग्रां प्री’ कशासाठी काढली?

1903 साली पॅरिस-माद्रिद शर्यत निघाली. धूळ इतकी की चालकांना समोरचं दिसेना, आणि रस्त्याच्या कडेला बघ्यांची गर्दी. गाडी बनवणाऱ्या रेनॉ भावांपैकी मार्सेल या शर्यतीत गेले. आणखीही माणसं दगावली. सरकारने बोर्दोलाच शर्यत थांबवली आणि गाड्या घोड्यांना जुंपून रेल्वे स्टेशनवर नेल्या गेल्या. शहरातून शहराकडे जाणाऱ्या शर्यती तिथे संपल्या. बंद केलेल्या रस्त्यांवर फेऱ्या मारण्याची पद्धत त्यानंतर रुळली.

त्या सुमाराची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणजे गॉर्डन बेनेट चषक. तिचा नियम होता की एका देशाच्या फक्त तीन गाड्या धावतील. जगातल्या जवळपास निम्म्या गाड्या तेव्हा फ्रान्समध्ये बनत होत्या, कंपन्या डझनांनी होत्या, आणि त्यांना दोन-चार कारखाने असलेल्या देशाइतक्याच जागा. फ्रेंच कारखानदारांना हे पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी आपली वेगळी शर्यत काढली, जिच्यात तीन गाड्यांची मर्यादा देशाला नसून कंपनीला होती. 26 आणि 27 जून 1906 रोजी ल माँ शहराबाहेर झालेली ही पहिली ग्रां प्री, म्हणजे ‘मोठं बक्षीस’. एक फेरी 103 किलोमीटरची, अशा 12 फेऱ्या दोन दिवसांत. उन्हाने डांबर वितळून चालकांच्या डोळ्यांत जात होतं. जिंकला हंगेरीत जन्मलेला फेरेंक सिस, रेनॉची गाडी घेऊन.

रेनॉच्या विजयात टायरचा वाटा मोठा होता. तोपर्यंत टायर फाटला की तो चाकावरून कापून काढायचा आणि नवा ओढून बसवायचा, त्यात पंधरा मिनिटं सहज जायची. मिशलिनने टायर आधीच चढवलेली, बोल्ट काढून बदलता येणारी रिम दिली. काम चार मिनिटांच्या आत होऊ लागलं.

दोनच वर्षांनी, 1908 मध्ये, ही ग्रां प्री मर्सिडीजने जिंकली. फ्रेंच कंपन्यांनी खर्च परवडत नाही म्हणत एकमेकांत करार केला आणि अंग काढून घेतलं. 1909 ते 1911 या तीन वर्षांत ग्रां प्री झालीच नाही. ज्यांनी स्पर्धा उभी केली, त्यांनीच ती थांबवली.

लहान इंजिन मोठ्या इंजिनाला हरवू शकतं का?

ग्रां प्री 1912 मध्ये परत सुरू झाली, आणि माझ्या मते फ्रेंच शर्यतींच्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम याच वर्षी झालं.

तोपर्यंत ताकद वाढवण्याचा एकच मार्ग सर्वांना ठाऊक होता, तो म्हणजे इंजिन मोठं करणं. त्या वर्षीच्या फियाटचं इंजिन 14 लिटरचं होतं. आज आपल्याकडच्या छोट्या गाडीचं इंजिन एक-सव्वा लिटरचं असतं, यावरून कल्पना यावी. प्यूजोने मात्र तीन चालक, जॉर्ज ब्वालो, ज्यूल गू आणि पॉल झुकारेली, आणि एर्नेस्त आंरी हा स्विस आरेखक, अशा चौघांना वेगळी गाडी करायला पैसे दिले. कंपनीतले जुने इंजिनिअर त्यांना भोंदू म्हणत.

या चौघांनी 7.6 लिटरचं इंजिन केलं. त्यांचं म्हणणं सोपं होतं. इंजिनाची ताकद त्याच्या आकारापेक्षा त्यात किती हवा किती झटकन आत-बाहेर होते यावर ठरते. हवा आत सोडणारी आणि जळका धूर बाहेर टाकणारी झाकणं असतात, त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एका सिलिंडरला दोन मोठ्या व्हॉल्व्हऐवजी चार लहान व्हॉल्व्ह दिले, तर वाट रुंद होते आणि हलके असल्याने ते भराभर उघडतात, मिटतात. ते उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. असे दोन दांडे त्यांनी थेट सिलिंडरच्या डोक्यावर बसवले, म्हणजे मधले लांबलचक दुवे गेले.

दिएपला झालेल्या 1912 च्या ग्रां प्रीत दोन दिवसांत दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून ब्वालोने जवळपास दुपटीच्या आकाराच्या फियाटना मागे टाकलं. 1913 मध्ये गू अमेरिकेत गेला आणि इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत जिंकून आला. आज आपल्या रस्त्यांवरच्या गाड्यांच्या मागे ‘16 व्हॉल्व्ह’ लिहिलेलं दिसतं, ती चार सिलिंडर गुणिले चार व्हॉल्व्ह ही मांडणी या चौघांनी शर्यतीत सिद्ध करून दाखवली.

4 जुलै 1914 ला लियाँची ग्रां प्री झाली, तेव्हा ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येला आठवडाही झाला नव्हता. ब्वालो बराच वेळ पुढे होता, पण त्याच्या गाडीने शेवटच्या फेरीत दम तोडला आणि मर्सिडीजने पहिले तिन्ही क्रमांक घेतले. महिन्याभरात दोन्ही देश युद्धात होते. ब्वालो 1916 मध्ये लढाऊ विमान चालवताना मारला गेला.

पैसा कमी असेल तर जिंकायचं कसं?

दोन महायुद्धांच्या मधला काळ बुगाटीचा. एत्तोरे बुगाटी मिलानचे, कारखाना अल्सेसमधल्या मोल्सहाइमला. त्यांची 1924 ची टाइप 35 ही गाडी पैसे मोजणाऱ्या कुणालाही मिळायची, त्यामुळे ती शेकडो लहानमोठ्या शर्यतींत जिंकत राहिली. सिसिलीची तार्गा फ्लोरिओ तिने 1925 ते 1929 सलग पाच वेळा जिंकली.

नंतर हिटलरच्या सरकारने मर्सिडीज आणि आउटो युनियन या जर्मन कंपन्यांना पैसा पुरवला आणि चित्र बदललं. फ्रान्सकडे तेवढा पैसा नव्हता. पण 1938 च्या नियमांत दोन पर्याय होते. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंप, असेल तर तीन लिटरपर्यंत. नसेल तर साडेचार लिटरपर्यंत. मर्सिडीजने पहिला पर्याय घेतला. ट्रक आणि अग्निशामक गाड्या बनवणाऱ्या देलाए या फ्रेंच कंपनीने दुसरा घेतला. ताकदीत देलाए कितीतरी मागे होती, पण इंधन खूप कमी प्यायची. एप्रिल 1938 मध्ये पो शहराच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यांवर मर्सिडीजला इंधनासाठी थांबावं लागलं. रने द्रेफुस मात्र न थांबता धावत राहिला आणि जिंकला. द्रेफुस ज्यू वंशाचा होता, हे त्या वर्षी आणि त्या प्रतिस्पर्ध्यासमोर किती मोठं होतं ते वेगळं सांगायला नको.

ताकदीने न जमलेलं काम नियमातल्या मोकळ्या जागेने करून घ्यायचं, ही रीत चाळीस वर्षांनी पुन्हा दिसली.

टर्बो म्हणजे काय, आणि रेनॉने त्यात काय केलं?

1966 पासून फॉर्म्युला वनमध्ये असाच दुहेरी नियम होता. साधं इंजिन तीन लिटरचं चालेल. हवा कोंबणारं यंत्र लावलंत तर फक्त दीड लिटरचं. अर्ध्या आकाराचं इंजिन घेऊन कोण उतरणार? अकरा वर्षं ती ओळ नियमपुस्तकात पडून राहिली.

टर्बो समजायला लोहाराचा भाता आठवा. कोळसा तेवढाच, पण भाता मारला की आग भडकते, कारण जळायला जास्त हवा मिळते. टर्बो हा इंजिनाचा भाता, आणि तो ओढायला माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्री फिरवतो, तिच्याच दांड्यावरची दुसरी चक्री बाहेरची हवा आत कोंबते. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. अडचण अशी की चालकाने पाय दाबल्यावर धूर वाढायला आणि चक्री वेग घ्यायला वेळ जातो. गाडी क्षणभर ढिम्म राहते आणि मग एकदम उसळी घेते. वळणातून बाहेर पडताना हे फार त्रासाचं. दुसरी अडचण उष्णतेची, पिस्टन आणि टर्बो दोन्ही जळायचे.

जुलै 1977 मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला रेनॉची पिवळी आरएस 01 पहिल्यांदा उतरली आणि शर्यत पूर्ण न करता बाहेर पडली. नंतरही ती इतक्या वेळा धूर सोडत थांबली की इंग्रज संघवाले तिला पिवळी किटली म्हणू लागले. चालक होता जाँ-पिएर जाबुय, स्वतः इंजिनिअर, त्यामुळे चिकाटी सोडली नाही. 1979 च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला त्याने सर्वांत वेगवान फेरी काढून पहिल्या जागेवरून सुरुवात करायचा मान मिळवला. तो ट्रॅक समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच. तिथल्या विरळ हवेत साधी इंजिनं धापा टाकतात, टर्बोला मात्र हवा कोंबून घेता येते. त्याच वर्षी एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो बसवले. लहान चक्री लवकर वेग घेते, म्हणून ढिम्मपणा कमी झाला. 1 जुलै 1979 ला दिजाँ इथे, फ्रान्सच्याच ग्रां प्रीत, जाबुय जिंकला. टर्बोचा हा फॉर्म्युला वनमधला पहिला विजय.

मग जगज्जेतेपद दुसऱ्यांनी कसं नेलं?

चेष्टा करणारे सगळे टर्बोकडे वळले. टर्बोवर संघांचं पहिलं विजेतेपद 1982 मध्ये फेरारीने घेतलं. 1983 मध्ये रेनॉचा अ‍ॅलन प्रॉस्ट अवघ्या दोन गुणांनी हरला आणि जिंकला बीएमडब्ल्यूच्या टर्बोवरचा नेल्सन पिके. 1985 पर्यंत रेनॉ कंपनीच मोठ्या तोट्यात गेली होती. ती तेव्हा सरकारी मालकीची, एकीकडे कामगारकपात चाललेली. शर्यतीचा संघ बंद झाला. इंजिन विभागाने मात्र 1986 मध्येच व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या पोलादी स्प्रिंगच्या जागी दाबाखालचा वायू वापरला, ज्यामुळे इंजिन खूप जास्त वेगाने फिरू शकलं. आज फॉर्म्युला वनचं प्रत्येक इंजिन याच पद्धतीवर चालतं. हा शोध पहिल्यांदा धावला तो लोटस या इंग्रज संघाच्या, आयर्टन सेना चालवत असलेल्या गाडीत, कारण रेनॉची स्वतःची गाडीच उरली नव्हती. याचं मला आजही वाईट वाटतं.

इथेच फेरारीशी फरक समजतो. फेरारी शर्यतीसाठीच जन्मलेली कंपनी, 1950 पासून तिने एकही हंगाम चुकवलेला नाही. रेनॉ आणि प्यूजोला मात्र आधी शाळेत पोरं सोडणाऱ्या कुटुंबाला गाडी विकायची असते. शर्यतीचा पैसा त्याच विक्रीतून येतो. विक्री घसरली की संचालक मंडळ सर्वांत आधी शर्यतीकडे पाहतं. जानेवारी 2012 मध्ये प्यूजोने ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीचा कार्यक्रम अचानक बंद केला, तेव्हा तिची माणसं नव्या हंगामाच्या सरावासाठी अमेरिकेत पोहोचत होती.

रॅलीत फ्रेंच इतके पुढे का?

रॅलीत, म्हणजे साध्या रस्त्यांवर घड्याळाशी लावलेल्या शर्यतीत, गाडी विक्रीच्या मॉडेलशी जोडलेली असावी लागते, आणि हे गणित मोठ्या कारखान्याला मानवतं. 1973 चं पहिलं जागतिक रॅली विजेतेपद अल्पीनचं. प्यूजोने 205 या लहान गाडीच्या नावावर 1985 आणि 1986 जिंकलं, आणि अपघातांमुळे ‘ग्रुप बी’ या तिच्या वर्गावर बंदी आल्यावर त्याच गाड्या डाकार रॅलीसाठी वाळवंटात नेल्या. सिट्रोएनच्या सेबास्तियाँ लोबने 2004 ते 2012 सलग नऊ जगज्जेतेपदं मिळवली.

गाडी इंग्लंडमध्ये बनते, मग ती फ्रेंच कशी?

हा आक्षेप रास्त आहे. 1969 मध्ये मात्रा या फ्रेंच कंपनीच्या गाडीने जगज्जेतेपद मिळवलं, पण इंजिन फोर्डच्या नावाचं इंग्लंडमध्ये बनलेलं, संघ चालवणारा इंग्रज केन टिरेल आणि चालक स्कॉटलंडचा जॅकी स्टुअर्ट. विल्यम्स या इंग्रज संघाच्या गाड्यांनी नव्वदीत जिंकलेली विजेतेपदं रेनॉच्या इंजिनावर होती. गाडी, इंजिन आणि चालक तिन्ही फ्रेंच असा पहिला विजय 1977 मध्ये स्वीडनला झाला. लिजिए गाडी, मात्राचं इंजिन, जाक लाफित.

2005 आणि 2006 मध्ये रेनॉने फर्नांडो अलोन्सोबरोबर दोन्ही विजेतेपदं घेतली, तेव्हाही गाडीचा सांगाडा इंग्लंडमधल्या एन्स्टनला आणि इंजिन व्हिरीला बनायचं. त्या जोडगोळीतला फ्रेंच भाग म्हणजे व्हिरी. म्हणून ही बातमी लोकांच्या जिव्हारी लागली. मर्सिडीजची फॉर्म्युला वन इंजिनंही इंग्लंडमध्येच, ब्रिक्सवर्थला बनतात. 2026 पासून अल्पीनची फ्रेंच गाडी जवळजवळ पूर्णपणे इंग्लंडमधून येईल.

आपल्या रस्त्यावरच्या गाडीशी याचा काय संबंध?

काही तंत्र खरंच रस्त्यावर उतरतं: हवेचा टायर, बदलता येणारी रिम, चार व्हॉल्व्ह. पण सगळ्याचं श्रेय शर्यतीला देणं चूक. टर्बोचं पेटंट स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांचं, 1905 चं. बीएमडब्ल्यू आणि पोर्शने टर्बो गाड्या रेनॉच्या त्या पिवळ्या गाडीआधी विकल्या होत्या. आज भारतात एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी मिळते, त्यामागे इंधनबचत आणि प्रदूषणाचे नियम जास्त आहेत.

फ्रेंच कंपन्यांच्या येण्याजाण्याचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. नव्वदीत प्रीमियरबरोबर कल्याणच्या कारखान्यात प्यूजो 309 बनली आणि काही वर्षांतच प्यूजोने भारत सोडला. महिंद्राबरोबरची रेनॉ लोगन नाशिकला बनायची. आणि ग्रेटर नोएडाला 2011 ते 2013 झालेल्या तिन्ही इंडियन ग्रां प्री सेबास्टियन फेटेलने जिंकल्या त्या रेड बुलच्या गाडीतून, व्हिरीच्या इंजिनावर.

पण 2026 च्या तोंडावरच इंजिन का सोडलं?

2014 मध्ये फॉर्म्युला वनने बॅटरीची जोड असलेलं लहान टर्बो इंजिन आणलं. हा बदल रेनॉला हवा होता, कारण विक्रीच्या गाड्याही त्याच दिशेने चालल्या होत्या. प्रत्यक्षात मर्सिडीज पहिल्या दिवसापासून पुढे गेली आणि रेनॉला ते अंतर भरून काढता आलं नाही. 2021 मध्ये हंगेरीला एस्तेबान ओकोंने अल्पीनसाठी एक शर्यत जिंकली, पण असे दिवस विरळच. इतर संघांनी एकेक करून रेनॉचं इंजिन सोडलं आणि ते वापरणारा अल्पीन एकटाच उरला. चार संघांच्या आठ गाड्या धावत असतील तर बिघाडांची माहिती चौपट मिळते आणि खर्च वाटला जातो. इथे सगळं एकाच संघावर आलं.

त्यात 2026 चे नियम पुन्हा नवे. जवळपास निम्मी ताकद विजेवर, शिवाय पर्यायी इंधन. म्हणजे इंजिन कोऱ्या कागदावरून करायचं. तयार इंजिन विकत घेणं त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. हिशेबाच्या वहीत निर्णय बरोबरच दिसतो. पण त्याची किंमत वहीत मावत नाही: असं इंजिन करणारी माणसं वीस-वीस वर्षं एकत्र काम करून तयार होतात, आणि एकदा पांगली की 1908 नंतर झालं तसं चार वर्षांनी परत गोळा करणं आज शक्य नाही.

कंपनीने व्हिरीला पुढच्या पिढीच्या गाड्यांसाठी अभियांत्रिकी केंद्र करायचं तेव्हा ठरवलं. बॅटरी आणि विजेच्या मोटारीवरचं काम तिथे व्हायचं होतं.